लिमलेटची गोळी

दिवाळी आणि पडसे यांचे आमच्या घराण्यात जुने सख्य आहे. नरकचतुर्दशीच्या पहाटे अंगाला तेल लागते, उटणे लागते, डोक्यावरून कढत पाण्याचे तांबे ओतले जातात. आणि पायाखाली कारीट फोडून मंडळी फराळाला बसतात न बसतात, तोच पंगतीतून कुणाची तरी पहिली शिंक ऐकू येते. माझ्या लहानपणी ही शिंक कानी पडली, की आजी ओव्याची पुरचुंडी तव्यावर शेकायला घेई. पाठोपाठ सुंठ-गुळाची गोळी येई, गवती चहाचा काढा येई. चार-सहा दिवस नाक वाहायचे आणि मग आपले आपण थांबायचे. श्रेय मात्र ओव्याला मिळायचे. सर्दीवर औषध घेतले तर ती सात दिवसांत बरी होते आणि न घेतले तर एक आठवडा लागतो, हा विनोद तेव्हाही सर्वांना ठाऊक होता. पण विनोद ठाऊक असणे वेगळे आणि आजीसमोर तो करणे वेगळे!

आता आम्ही मारुंजीला राहतो. पस्तीस वर्षे शाळेत गणित शिकवले आणि निवृत्त झालो. चिरंजिवांची नोकरी शेजारच्या हिंजवडीला. तेव्हा पेठेतले बिऱ्हाड मोडून त्यांच्या अकराव्या मजल्यावर येऊन राहिलो. खिडकीतून एका अंगाला मारुंजीची टेकडी दिसते, दुसऱ्या अंगाला अर्धवट उभ्या इमारती आणि त्यांच्या डोक्यावर मान वेळावून उभ्या असलेल्या क्रेन. पहाटे टेकडीकडून गार वारा येतो आणि उजाडल्यावर खडी-सिमेंटच्या ट्रकांची धूळ येते. शिंका येण्यासाठी याहून सोयीची जागा शोधूनही सापडायची नाही.

या घरात आजीच्या पुरचुंडीची जागा एका फळीने घेतली आहे. स्वयंपाकघरातल्या या फळीवर सूनबाईंच्या क-जीवनसत्त्वाच्या नारिंगी गोळ्या आहेत, जस्ताच्या गोळ्या आहेत, आठवड्यातून एकदा घ्यायचे ड-जीवनसत्त्व आहे. आमच्या सौभाग्यवतींचा च्यवनप्राश आहे. (च्यवन ऋषी म्हातारपणी तरुण झाले, एवढेच पुराणात आहे, त्यांचे नाक चोंदले होते, असे कुठे लिहिलेले नाही. पण हे मी एकदाच बोललो.) आणि सर्वांत पुढे, नातीच्या दुधात घालायच्या एका पुडीचा डबा आहे. फळीवरच्या सगळ्या वस्तूंत तो मोठा आणि देखणा. त्याच्यावर एक गुटगुटीत मूल हातात ढाल घेऊन उभे आहे. २०२० साली करोनाची साथ आली, तेव्हापासून ही फळी भरू लागली. साथ ओसरली, फळी राहिली.

गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर घराची झाडलोट चालली होती. आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताई फळी पुसत होत्या. डबा हातात घेऊन त्यांनी मला विचारले,

“काका, ह्यानं पोरीची सर्दी थांबंल का? सारखं नाक गळतंय तिचं. साडेआठशेला हाय म्हनं दुकानात. तुमच्याकडं समदे घेतात, म्हणून इचारते.”

ताई मूळच्या बीडकडच्या. नवरा बांधकामावर, मुलगी नववीत, राहायला पत्र्याची खोली. आमच्या घरच्या कामाचे त्यांना महिन्याला दोन हजार मिळतात. साडेआठशे रुपये म्हणजे आमच्या घरची जवळजवळ तेरा दिवसांची धुणीभांडी. हा हिशेब मला त्या क्षणी सुचायला हवा होता. मी गणिताचा मास्तर. पण सुचले ते भलतेच. इतकी वर्षे पोरांना ‘पडताळा घ्या, पडताळा घ्या’ म्हणून ओरडत आलो. आता स्वतःच पडताळा घ्यावा, या कल्पनेने मला स्फुरण चढले. मी ताईंना मोठ्या तोऱ्यात म्हटले, “थांबा, तपासून सांगतो!”

आमच्या सोसायटीच्या बागेत निवृत्तांचा एक कट्टा आहे. सकाळची फेरी झाली, की वीसेक मंडळी तिथे बसून जगाचा कारभार पाहतात. त्यांच्यापुढे मी योजना मांडली. कार्तिक लागला की सुरुवात करायची आणि जानेवारी संपेपर्यंत रोज एक गोळी चघळायची. निम्म्यांना खरी क-जीवनसत्त्वाची गोळी, निम्म्यांना तिच्यासारखीच दिसणारी खोटी. कोणाला कोणती, हे कोणालाच कळता कामा नये. ज्याला सर्दी होईल त्याने वहीत नोंद करायची. शेवटी दोन्ही गटांच्या सर्दीचे दिवस मोजायचे.

“खोटी कशाला? सगळ्यांना खरीच द्या ना,” एकजण म्हणाले.

शंका रास्त होती. मग मी त्यांना जेम्स लिंड या इंग्रज आरमारातल्या डॉक्टरची गोष्ट सांगितली. १७४७ साली ‘सॅलिसबरी’ जहाजावर त्याच्यासमोर स्कर्व्हीने हिरड्या सुजलेले, गलितगात्र झालेले बारा खलाशी होते. त्याने त्यांच्या सहा जोड्या केल्या. कोणाला सफरचंदाची आंबवलेली दारू, कोणाला व्हिनेगर, कोणाला चक्क समुद्राचे पाणी. आणि एका जोडीला रोज दोन संत्री व एक लिंबू. सहा दिवसांत संत्री खाणाऱ्यांपैकी एकजण कामावर उभा राहिला! सगळ्या बाराजणांना संत्री दिली असती, तर गुण संत्र्यांचा की विश्रांतीचा, हे त्याला कधीच कळले नसते. इतके लांब कशाला, १८९७ साली मुंबईत प्लेगने कहर केला, तेव्हा हाफकिन साहेबांनी आपली लस आधी स्वतःला टोचून घेतली आणि मग भायखळ्याच्या तुरुंगात राजीखुशीने पुढे आलेल्या कैद्यांना टोचली. टोचलेले आणि न टोचलेले एकाच भिंतीआड, एकच अन्न खात होते. म्हणून तर टोचलेल्यांत प्लेग कमी झाला, ही गोष्ट ठळक दिसली. तुलनेला दुसरी बाजू नसेल, तर आमची आजी आणि तिचा ओवा जन्मभर जिंकतच राहणार.

हे मंडळींना पटले. मधुमेहाचे चौघे गोळीतल्या साखरेला भिऊन आधीच गळाले. उरले सोळा. नाणे उडवून मी आठ-आठ नावे पाडली. खरी गोळी नारिंगी, आंबटगोड. तिच्या जोडीला बाजारात हिंडून अगदी त्याच रंगाच्या लिमलेटच्या गोळ्या शोधून आणल्या. पुड्या बांधायचे काम सौभाग्यवतींकडे दिले, कारण कोणाची पुडी कोणती हे मलाही कळायला नको होते. त्या सोळा नावांत माझेही होते. यादी त्यांनी देव्हाऱ्याच्या खणात ठेवली. इतकी कडेकोट व्यवस्था बोर्डाच्या प्रश्नपत्रिकांचीही नसेल, असे मला वाटले.

पहिला आठवडा नीट गेला. दुसऱ्या आठवड्यात कट्ट्यावर जाऊन पाहतो, तो दोन ज्येष्ठ नागरिक आपापल्या गोळ्या अर्ध्या तोडून एकमेकांना चाखायला देत आहेत! “तुमची जरा जास्त आंबट आहे हो,” असा शेराही ऐकला. मी कपाळावर हात मारला. पण याबाबतीत आमची मंडळी थोरामोठ्यांच्या पंगतीत बसली होती, हे नंतर वाचनात आले. लायनस पाउलिंग हे दोन नोबेल पारितोषिके मिळवलेले शास्त्रज्ञ. त्यांनी १९७० साली पुस्तक लिहून ठासून सांगितले, की क-जीवनसत्त्व भरपूर घ्या, सर्दी पळेल. साऱ्या अमेरिकेने गोळ्यांवर उडी टाकली. तेव्हा तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने आपल्याच ३११ कर्मचाऱ्यांवर नऊ महिने प्रयोग केला. त्याचा अहवाल १९७५ साली निघाला. खोट्या कॅप्सूलमध्ये दुधाची साखर भरली होती. तर या विद्वान संस्थेतल्या कितीतरी जणांनी कॅप्सूल उघडली आणि जिभेला लावून पाहिली. आंबट लागली की खरी, गोड लागली की खोटी! गंमत पुढेच आहे. आपण काय घेतो आहोत हे ज्यांनी ओळखले होते, त्यांच्यात खरी गोळी घेणाऱ्यांची सर्दी लवकर बरी झालेली दिसली. ज्यांना ओळखता आले नाही, त्यांच्यात खऱ्या-खोट्याचा फरकच दिसेना. म्हणजे गोळी पोटात जाण्याआधी ‘मी खरी गोळी घेतो आहे’ हा विचार डोक्यात गेला होता आणि निम्मे काम त्यानेच केले होते.

आमच्यापुढे दुसरीही अडचण उभी राहिली. सर्दी म्हणायचे कशाला? एक निवृत्त बँक अधिकारी रोज शिंकांचा ताळेबंद आणून देत. तारीखवार, शेवटी बेरीज करून. दुसऱ्या एका गृहस्थांचे नाक त्यांच्या खिडकीखाली खडीचे ट्रक रिकामे होऊ लागले, की वाहायचे आणि रविवारी काम बंद असले, की थांबायचे. ही सर्दी की मारुंजीचा विकास? तिसऱ्यांना सर्दी झाली, पण ‘माझ्यामुळे तुमची गोळी हरायला नको’ म्हणून त्यांनी ती आठ दिवस लपवून ठेवली. इतक्या सज्जन माणसाला काय बोलणार!

जानेवारी संपला. वह्या गोळा केल्या. एका गटात सात सर्द्या झाल्या होत्या, दुसऱ्यात सहा. आता यादी उघडायची. सौभाग्यवतींनी देव्हाऱ्याच्या खणातून कागद काढला, माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या,

“एक सांगू? रागावू नका. मी तीन पुड्या बदलल्यात.”

“बदलल्यात म्हणजे?”

“अहो, तुमच्या नाण्याला काय ठाऊक, की पाचव्या मजल्यावरच्या आजोबांना दमा आहे! त्यांना मी तीन महिने लिमलेटची गोळी देऊ? आणि त्या कुलकर्ण्यांच्या... जाऊ दे, नाव नको. ते नुकतेच इस्पितळातून आले होते. माझा हात होईना. म्हणून त्यांना खऱ्या गोळ्यांच्या पुड्या दिल्या.”

“हे दोन झाले. तिसरा कोण?”

त्या काहीच बोलल्या नाहीत. दूध उतू जाईल म्हणून स्वयंपाकघरात निघून गेल्या. गॅसवर दूध ठेवलेलेच नव्हते.

मी कागद घडी करून ठेवला. तीन महिन्यांचा प्रयोग पाण्यात गेला होता, पण रागवायला तोंड नव्हते. पुढे वाचताना कळले, की अशीच माया एकदा वीस हजार मुलांच्या प्रयोगाला भोवली आहे. १९३० साली स्कॉटलंडमधल्या लॅनार्कशरमध्ये चार महिने दहा हजार शाळकरी मुलांना रोज दूध दिले आणि दहा हजारांना दिले नाही. दुधाने मुले किती वाढतात हे पाहायचे होते. निवड आंधळी हवी होती. पण शिक्षकांना, निवड नीट समतोल वाटली नाही तर नावे बदलण्याची मुभा होती. मग काय, हडकुळी, फाटक्या कपड्यांतली मुले पाहून त्या बिचाऱ्यांच्या हातून दूध तिकडेच वळले असावे. दोन्ही गट मुळातच असमान झाले आणि एवढ्या खर्चाच्या प्रयोगातून नेमके काही सांगता येईना. पुढच्याच वर्षी ‘स्टुडंट’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या एका संख्याशास्त्रज्ञाने ही चूक दाखवून दिली. त्याऐवजी जुळ्या भावंडांच्या पन्नास जोड्या घेतल्या असत्या, तर खर्च थोडा आणि निकाल चोख मिळाला असता, असे त्याने सुचवले. मी मास्तर, त्या शिक्षकांच्या जागी मी असतो, तर काय केले असते हे मला चांगले ठाऊक आहे.

इतके झाल्यावर मला ताईंची आठवण झाली. दुसऱ्या दिवशी मी त्यांना म्हटले, “ताई, त्या डब्याचं तुम्ही विचारलं होतं ना...”

“आणला की, काका,” त्या म्हणाल्या. “दिवाळी झाल्यावरच आणला. आता दुसरा चालू हाय. तुम्ही तपासताय म्हणाला होतात. पण तुमच्या घरात डबा तर चालूच होता. म्हणलं, चांगला असल्याबिगर कशाला घेतील?”

मी काय बोलणार! कट्ट्यावर मी नाणी उडवत होतो, लिंडच्या गोष्टी सांगत होतो, त्या तीन महिन्यांत या बाईंचे सतराशे रुपये गेले होते. आणि जे उत्तर मी सोळा म्हाताऱ्यांत शोधत होतो ते कधीच छापून आलेले होते. दिवाळीच्या फराळाला बसण्याआधी तासभर वाचले असते, तरी पुरले असते. आमच्या फळीवरचा तो डबा म्हणजे नुसता डबा नव्हता. न बोलता दिलेली साक्ष होती. चार पदव्या असलेले घर एखादी वस्तू विकत घेते, तेव्हा तिच्याखाली सहीच करत असते. ती सही आम्ही न वाचता केली होती.

त्या रात्री मी ते उत्तर नीट वाचून काढले. २०१३ साली जगभरचे २९ प्रयोग, एकूण ११,३०६ माणसे, एकत्र करून त्यांचा हिशेब मांडला गेला. रोज दोनशे मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त क-जीवनसत्त्व घेतल्याने सर्वसाधारण माणसाच्या सर्दीची संख्या कमी होत नाही. ती नेहमीइतक्याच वेळा होते. मात्र रोज घेत असणाऱ्यांची सर्दी थोडी लवकर आटोपते: मोठ्यांची शेकडा आठ, मुलांची शेकडा चौदा. सात दिवसांच्या सर्दीत मोठ्यांचे तेरा-चौदा तास वाचतात आणि मुलांचा एक दिवस. शिंका सुरू झाल्यावर गोळीकडे धावले, तर खात्रीचा असा काही फायदा नाही. जस्ताचेही तसेच, ते सर्दी अडवत नाही, झालेली सर्दी कदाचित थोडी आखूड करते, पण तोंडाची चव बिघडवते. ड-जीवनसत्त्वाचा थोडा उपयोग होतो, असे २०१७ सालच्या मोठ्या हिशेबात दिसले होते; २०२५ साली आणखी प्रयोग मिळवून तोच हिशेब पुन्हा केला, तेव्हा तो उपयोग अंधूक झाला. स्कर्व्हीवर लिंबाने मिळवलेला विजय खरा होता. सर्दीच्या रणांगणावर मात्र ते लिंबू जुन्या कीर्तीवर लढत होते.

दुसऱ्या दिवशी हे सगळे मी ताईंना सोप्या शब्दांत सांगितले. आमची चूक झाली, हेही सांगितले. पुडीचे साडेआठशे वाचवा. बाजारात पेरू आला आहे, मुलीला रोज एक द्या. शंभर ग्रॅम पेरूत दोनशे मिलिग्रॅमहून जास्त क-जीवनसत्त्व असते आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबाने बाईमाणसाला दिवसाला लागते पासष्ट. त्याने सर्दी थांबेल असे नाही, पण जे डब्यातून मिळवायचे ते पेरूतून मिळेल आणि चवही लागेल. सूनबाईंनी त्याच दिवशी फळीवरचा डबा काढून टाकला. त्यांना मी एक शब्द बोललो नव्हतो.

ताईंनी सगळे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, “मंजी ही गोळी कुणालाच गुणाची नाही का?”

एक गोष्ट मी सांगितली नव्हती, ती सांगावी लागली. त्या मोठ्या हिशेबात पाच प्रयोग निराळे निघाले होते. दक्षिण आफ्रिकेतले मॅरेथॉन धावणारे, स्वित्झर्लंडच्या बर्फात घसरपट्टीच्या शिबिराला गेलेली शाळकरी मुले, कॅनडाचे कडाक्याच्या थंडीत सराव करणारे सैनिक, सगळे मिळून ५९८ जण. अंगाची पिळवणूक होईपर्यंत श्रम करणाऱ्या, बहुतेक थंडीतच राबणाऱ्या या लोकांत क-जीवनसत्त्वाने सर्दीचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले होते.

“थंडीत राबणारी माणसं,” ताई म्हणाल्या. “मग माझ्या आईला द्यावी का?”

त्यांची आई ऊसतोडीच्या टोळीबरोबर कासारसाईजवळच्या संत तुकाराम कारखान्याच्या भागात आली होती. आमच्या खिडकीतून दिसतो त्याच मुलखात, पौषातल्या पहाटे चारला, पाचट दवाने ओलेचिंब असताना ती बाई कोयता घेऊन फडात उतरते आणि नंतर डोक्यावर मोळ्या वाहते. धावपटू, मुले, सैनिक. त्या ५९८ जणांत ऊसतोडणीची बाई नव्हती. क-जीवनसत्त्वाच्या गोळ्या मात्र वातानुकूलित कचेरीत दिवसभर खुर्चीवर बसणाऱ्या आमच्या घरात होत्या.

आमच्या प्रयोगातल्या खऱ्या गोळ्यांच्या तीन बाटल्या उरल्या होत्या. त्या मी ताईंच्या हातात दिल्या. म्हटले, “खात्रीनं सांगता येत नाही, ताई. पण थंडीत कष्ट करणाऱ्या इतर माणसांना उपयोग झालेला आहे, तेव्हा रोज एक घ्यायला हरकत नाही. आणि बाटली संपली, तर विकत आणू नका, मला सांगा.” लिमलेटच्या गोळ्याही उरल्या होत्या. त्या नातीने संपवल्या. तिला सर्दी झाली नाही; पण यावरून काही सिद्ध होत नाही, हे मी तिला समजावून सांगितले.

फेब्रुवारीच्या अखेरीस ताई उसाची एक मोळी घेऊन आल्या. आईने पाठवली होती. आईची सर्दी कशी आहे, असे मी विचारले. “तिला कुठं सवड हाय सर्दी व्हायला!” एवढेच उत्तर मिळाले. वहीत त्याची नोंद कोणत्या रकान्यात करावी, हे मला ठरवता आले नाही.

आता पुन्हा दिवाळी आली आहे. आवळे बाजारात दिसू लागले आहेत. तुळशीच्या लग्नाला चिंचेबरोबर ते लागतील, आवळीभोजनाला कट्ट्यावरची सगळी मंडळी टेकडीच्या पायथ्याशी जाणार आहेत. परवा ताई त्यांच्या घरचा फराळ घेऊन आल्या. त्यांच्या हातात तोच डबा होता, ढालवाल्या गुटगुटीत मुलाचा. आत काठोकाठ चकल्या. सौभाग्यवतींनी एक चकली तोडून पाहिली. कडक, खुसखुशीत, जराही मऊ पडलेली नव्हती.

“डबा मात्र चांगला हाय, काकू,” ताई म्हणाल्या. “झाकण लई घट्ट बसतंय.”